डेस्कटॉपवरचा शॉर्टकट भलताच प्रोग्रॅम उघडत असेल तर

ब्राउझरच्या चिन्हावर दोनदा क्लिक केलं आणि उघडलं नोटपॅड, त्यातही नुसती अगम्य चिन्हं. किंवा हिशेबाच्या फाइलचा शॉर्टकट दाबला आणि फाइल नेहमीच्या प्रोग्रॅमऐवजी दुसऱ्याच कुठल्यातरी प्रोग्रॅममध्ये उघडली. संगणक नुकताच वापरायला लागलेल्या माणसाला अशा वेळी आधी व्हायरस आठवतो, मग प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकावासा वाटतो, आणि शेवटी कोणीतरी सांगतं, "फॉरमॅट मारून टाक." यातलं काहीही लगेच करू नका. हा दोष बहुतेक वेळा थोड्याच वेळात दूर होतो. फक्त तो नेमका कुठे आहे हे आधी कळायला हवं, नाहीतर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत होते.

हा लेख मुख्यतः विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्यांसाठी आहे. मॅक आणि लिनक्सबद्दल शेवटी थोडक्यात लिहिलं आहे. एक सूचना आत्ताच करून ठेवतो: फाइलींची, फोल्डरची आणि बटणांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, तुमच्या पडद्यावर ती इंग्रजी अक्षरांत दिसतील आणि टाइप करतानाही इंग्रजीतच करायची आहेत.

शॉर्टकट म्हणजे नेमकं काय

डेस्कटॉपवर दिसणारं चिन्ह म्हणजे प्रोग्रॅम नव्हे. ती पत्ता लिहिलेली एक चिठ्ठी असते. चिन्हाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला की समजायचं, हा शॉर्टकट आहे. चिठ्ठी फाडली म्हणून घर पडत नाही, तसा शॉर्टकट डिलीट केला म्हणून प्रोग्रॅम जात नाही. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की पुढची दुरुस्ती निर्धास्तपणे करता येते.

विंडोज ९५ पासून, म्हणजे १९९५ सालापासून, या चिठ्ठीच्या फाइलला 'डॉट एलएनके' हे एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी बिंदूनंतर येणारी प्रकार सांगणारी अक्षरं, आहे. ते तुम्हाला सहसा कधीच दिसणार नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' दाखवायचा पर्याय चालू केला तरी डॉट एलएनके लपलेलंच राहतं, कारण विंडोजने ते कायम लपवायची नोंद स्वतःच करून ठेवलेली आहे. त्यामुळेच खरी फाइल कुठली आणि शॉर्टकट कुठला यात नवख्या माणसाचा गोंधळ होतो. अशा वेळी बाण बघायचा.

चिठ्ठीत काय काय असतं? प्रोग्रॅमचा किंवा फाइलचा पत्ता, त्या प्रोग्रॅमला द्यायच्या जादा सूचना, काम कुठल्या फोल्डरमध्ये सुरू करायचं ते, आणि चिन्हाचं चित्र कुठून घ्यायचं ते. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. चित्र आणि पत्ता या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एका प्रोग्रॅमचं चित्र आणि दुसऱ्याचा पत्ता असा शॉर्टकट सहज बनू शकतो. म्हणून चित्रावर आणि खालच्या नावावर विश्वास ठेवू नका, पत्ता वाचा.

आधी बघा: एक, काही, की सगळेच?

दुरुस्तीला हात घालण्याआधी डेस्कटॉपवरचे तीन-चार वेगवेगळे शॉर्टकट उघडून बघा. मग जो बिघडलाय असं वाटतं त्याचा मूळ प्रोग्रॅम किंवा मूळ फाइल थेट तिच्या फोल्डरमध्ये जाऊन उघडा. एवढ्या चाचणीतून जवळजवळ सगळं कळतं.

मूळ प्रोग्रॅम नीट उघडतो, पण त्याचा एकच शॉर्टकट चुकीच्या ठिकाणी जातो, तर दोष त्या शॉर्टकटमध्ये आहे. मूळ फाइलही चुकीच्याच प्रोग्रॅममध्ये उघडते, तर शॉर्टकट निर्दोष आहे. त्या प्रकारच्या फाइलींसाठी ठरवलेला प्रोग्रॅम बदललाय. आणि झाडून सगळे शॉर्टकट एकाच प्रोग्रॅममध्ये उघडायला लागले, चिन्हंही सगळी त्या एकाच प्रोग्रॅमची दिसायला लागली, तर 'डॉट एलएनके' या प्रकाराचीच जोडणी बिघडलीय. तिसरा प्रकार सगळ्यात भीतीदायक दिसतो, पण त्याचा उपाय ठरलेला आहे.

एकच शॉर्टकट चुकतोय

चिन्हावर एकदाच क्लिक करून ते निवडा आणि ऑल्ट धरून एंटर दाबा. 'प्रॉपर्टीज'ची खिडकी उघडेल. राइट क्लिक करून यादीतून 'प्रॉपर्टीज' निवडलं तरी चालतं. 'शॉर्टकट' नावाच्या टॅबवर 'टार्गेट' अशी एक चौकट आहे. तुमचं निम्मं काम या चौकटीत आहे, ती घाई न करता वाचा.

समजा लिबरऑफिसमधल्या कॅल्कचा, म्हणजे तक्ते करायच्या प्रोग्रॅमचा शॉर्टकट आहे. टार्गेटमध्ये साधारण असं दिसेल: सी ड्राइव्ह, मग प्रोग्रॅम फाइल्स, मग लिबरऑफिस, मग प्रोग्रॅम नावाचं फोल्डर आणि शेवटी 'एसकॅल्क डॉट ईएक्सई'. शेवटचा हा तुकडा म्हणजे प्रत्यक्ष चालणारी फाइल. त्याच फोल्डरमध्ये शेजारी 'एसरायटर डॉट ईएक्सई' असते, ती लिखाणाचा प्रोग्रॅम उघडते. आणि 'एसऑफिस डॉट ईएक्सई' असते, तिने नुसता सुरुवातीचा निवड करायचा पडदा येतो. तिन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये, नावं सारखीच वाटणारी. हाताने शॉर्टकट बनवताना चुकून शेजारची फाइल निवडली की डेस्कटॉपवर नाव 'तक्ते' असं राहतं आणि उघडतं भलतंच. म्हणून पत्ता शेवटाकडून वाचायची सवय लावा.

पत्ता चुकीचा निघाला तर तो हाताने टाइप करून सुधारत बसू नका. एक अवतरणचिन्ह सुटलं तरी विंडोज चूक दाखवतं. 'प्रोग्रॅम फाइल्स' या नावात मध्ये मोकळी जागा आहे, त्यामुळे असा पत्ता अवतरणचिन्हांमध्येच असावा लागतो. सोपी वाट म्हणजे जुना शॉर्टकट डिलीट करा आणि नवा बनवा. स्टार्ट मेनूतली सगळ्या ॲप्सची यादी उघडा, हवा तो प्रोग्रॅम माउसने पकडून डेस्कटॉपवर आणून सोडा, झालं. स्टार्टच्या यादीत तो सापडत नसेल तर त्याच्या फोल्डरमध्ये जा, ईएक्सई फाइलवर राइट क्लिक करा, विंडोज ११ असेल तर आधी 'शो मोअर ऑप्शन्स' निवडा, मग 'सेंड टू' आणि त्यात 'डेस्कटॉप'. ईएक्सई फाइलच उचलून डेस्कटॉपवर आणू नका. तिला लागणाऱ्या बाकीच्या फाइली मागे राहतात आणि प्रोग्रॅम बंद पडतो.

पत्ता बरोबर दिसतोय, तरी उघडतं चुकीचं? मग पुढच्या शक्यता एकेक करून तपासा.

पहिली, जुनी आवृत्ती. काही प्रोग्रॅम अद्ययावत होताना जुन्या आवृत्तीचं फोल्डर तसंच ठेवतात आणि नवी आवृत्ती शेजारच्या फोल्डरमध्ये बसवतात. सी ड्राइव्हवर 'प्रोग्रॅम फाइल्स' आणि कंसात 'एक्स८६' लिहिलेलं दुसरं 'प्रोग्रॅम फाइल्स' अशी दोन फोल्डर असतात. पहिल्यात सहसा ६४-बिट प्रोग्रॅम बसतात, दुसऱ्यात ३२-बिट. एकच प्रोग्रॅम दोन्हीकडे असेल तर शॉर्टकट कुठल्या फोल्डरकडे बोट दाखवतोय ते बघा. प्रॉपर्टीजच्या खिडकीतलं 'ओपन फाइल लोकेशन' हे बटण दाबलं की तुम्ही थेट त्या फोल्डरमध्ये पोहोचता.

दुसरी शक्यता फारशी कोणाला ठाऊक नसते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. शॉर्टकटमधली मूळ फाइल हलवली किंवा तिचं नाव बदललं, तर विंडोज लगेच हार मानत नाही, ती फाइल शोधायला निघतं. फाइल एनटीएफएस प्रकारच्या (विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने मांडणी केलेल्या) डिस्कवर असेल तर तिचा माग ठेवायची सोय आहे. त्यातून पत्ता लागला नाही तर विंडोज जुन्याच फोल्डरमध्ये बघतं, की नाव वेगळं असलं तरी तयार झाल्याची वेळ आणि बाकीचे गुणधर्म जुळणारी एखादी फाइल आहे का. बहुतेक वेळा हा शोध बरोबर ठरतो. पण मूळ फाइल काढून टाकलेली असेल आणि तिच्यासारखीच दुसरी तिथे असेल, तर विंडोज तिलाच मूळ फाइल समजू शकतं. तुम्ही काहीही न करता शॉर्टकट 'आपोआप' बदलला असं वाटतं, त्यामागे हे कारण असू शकतं. उपाय तोच: जुना काढा, खऱ्या फाइलवरून नवा बनवा.

तिसरी, पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क. पत्ता ई, एफ अशा अक्षराने सुरू होत असेल तर सावध व्हा. हे अक्षर डिस्क जोडली जाते तेव्हा मिळतं. आज एका डिस्कला ई मिळालं, उद्या दुसरी आधी जोडली तर ई तिला मिळू शकतं. मग त्याच नावाचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर असेल तर शॉर्टकट तिकडे जातो. रोज वापरायची डिस्क असेल तर 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन तिला शेवटचं एखादं अक्षर, उदाहरणार्थ एक्स किंवा वाय, नेमून द्या. विंडोज पुढच्या वेळी त्या डिस्कला सहसा तेच अक्षर देतं.

चौथी शक्यता ब्राउझरच्या शॉर्टकटची आहे, आणि ती गंभीर आहे. टार्गेटमध्ये 'क्रोम डॉट ईएक्सई' किंवा 'फायरफॉक्स डॉट ईएक्सई' नंतर अवतरणचिन्ह संपतं. त्याच्या पुढे एक मोकळी जागा आणि कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता दिसला, तर कोणीतरी शॉर्टकटला शेपूट जोडलंय. फुकट सॉफ्टवेअरबरोबर आलेले काही जाहिरातबाज प्रोग्रॅम हे करतात. ब्राउझर तुमचाच उघडतो, पण पान त्यांचं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये मुखपृष्ठ कितीही वेळा बदललं तरी ते परत येतं, कारण दोष सेटिंगमध्ये नसून चिठ्ठीत असतो. ते शेपूट पुसून 'ॲप्लाय' दाबा, मग विंडोज सिक्युरिटीमधून पूर्ण स्कॅन करा. नुसतं शेपूट पुसून थांबलात तर ज्याने ते जोडलं तो प्रोग्रॅम आत तसाच राहतो.

पण प्रत्येक शेपूट वाईट नसतं, हेही सांगायला हवं. क्रोम किंवा एजच्या शॉर्टकटपुढे 'प्रोफाइल-डिरेक्टरी' असं लिहिलेलं दिसलं तर ती कुठलं प्रोफाइल उघडायचं याची सूचना आहे. घरातल्या दोघांनी एकाच संगणकावर वेगवेगळी प्रोफाइल केली असतील आणि तुमच्या शॉर्टकटने दुसऱ्याचं खातं उघडत असेल, तर कारण हेच. क्रोममध्ये आपलं प्रोफाइल उघडून त्याच्या सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप शॉर्टकट बनवायचा पर्याय आहे, तो वापरून नवा बनवा. एखादं संकेतस्थळ ॲप म्हणून बसवलेलं असेल तर पत्त्यात 'ॲप-आयडी' आणि पुढे लांबलचक अक्षरांची माळ दिसते. तिला हात लावू नका.

टार्गेटची चौकट करडी झालेली असेल आणि त्यात काहीच बदलता येत नसेल, तर घाबरायचं कारण नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेल्या ॲप्सचे आणि विंडोज इन्स्टॉलरने बसवलेल्या काही प्रोग्रॅमचे शॉर्टकट असेच असतात. ते बिघडले तर डिलीट करून स्टार्टच्या यादीतून पुन्हा ओढून घ्यायचे.

पेन ड्राइव्हवरचे शॉर्टकट

याला वेगळी जागा देतोय, कारण इथे उत्सुकता महागात पडते. पेन ड्राइव्ह उघडली आणि त्यातल्या सगळ्या फोल्डरांच्या चिन्हांवर बाण दिसायला लागले, तर त्यांच्यावर दोनदा क्लिक करू नका. या जातीचा व्हायरस खरी फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर ठेवतो. ऑल्ट-एंटर दाबून टार्गेट वाचा. फोल्डरच्या शॉर्टकटमध्ये 'सीएमडी', 'डब्ल्यूस्क्रिप्ट' किंवा 'पॉवरशेल' ही आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमची नावं दिसायचं काहीच कारण नाही. दिसली तर आधी अँटिव्हायरसने ड्राइव्ह तपासा, ते शॉर्टकट डिलीट करा, मग फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' चालू करून खरी फोल्डर शोधा. ती सहसा तिथेच सुखरूप असतात. व्हायरस कधी त्यांना 'सिस्टिम'चा शिक्काही मारतो. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये संरक्षित सिस्टिम फाइली लपवायच्या पर्यायावरची खूणही तात्पुरती काढावी लागते.

शॉर्टकट हे घुसखोरीचं साधन बनू शकतं हे २०१० साली जगाने पाहिलं. स्टक्सनेट हा व्हायरस पेन ड्राइव्हवरच्या खास बनवलेल्या डॉट एलएनके फाइलींमधून शिरत होता. विंडोजने त्यांचं नुसतं चिन्ह दाखवलं तरी पुरे होत होतं, क्लिकचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते भगदाड बुजवलं. विंडोजचे अपडेट टाळू नका असं सांगतात, त्यामागे अशी कारणं आहेत.

फाइलचा शॉर्टकट चुकीच्या प्रोग्रॅममध्ये उघडतो

डेस्कटॉपवर एखाद्या पीडीएफचा, गाण्याचा किंवा तक्त्याचा शॉर्टकट असेल तर तो फक्त फाइलपर्यंत नेतो. ती फाइल कुठल्या प्रोग्रॅमने उघडायची हे विंडोज तिच्या एक्स्टेन्शनवरून ठरवतं. नवा प्रोग्रॅम बसवताना 'सगळ्या फाइली यानेच उघडायच्या का' असा प्रश्न येतो, आपण न वाचता पुढे जातो, आणि सगळ्या पीडीएफ त्याच्याकडे जायला लागतात.

इथे शॉर्टकटला अजिबात हात लावू नका. मूळ फाइलीवर जा, राइट क्लिक, 'ओपन विथ', मग 'चूज अनदर ॲप'. यादीतून हवा तो प्रोग्रॅम निवडा आणि 'ऑलवेज' दाबा. 'जस्ट वन्स' दाबलं तर पुढच्या वेळी पुन्हा तेच रडगाणं. दुसरी वाट सेटिंग्जमधून आहे: 'ॲप्स', मग 'डीफॉल्ट ॲप्स'. विंडोज ११ मध्ये वरच्या चौकटीत डॉट पीडीएफ असं एक्स्टेन्शन टाइप केलं की सध्याचा प्रोग्रॅम दिसतो, त्यावर क्लिक करून बदलता येतो. विंडोज १० मध्ये त्याच पानावर खाली फाइल टाइपनुसार निवडायची लिंक आहे. तिथलंच 'रिसेट' बटण मात्र जपून वापरा. त्याने तुम्ही आजवर केलेल्या सगळ्या निवडी पुसल्या जातात.

संकेतस्थळाचा शॉर्टकट चुकीच्या ब्राउझरमध्ये उघडत असेल तर तो बहुतेक 'डॉट यूआरएल' प्रकारचा असतो. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'वेब डॉक्युमेंट' असा टॅब दिसतो. तो ठरलेल्या ब्राउझरमध्येच उघडणार. 'डीफॉल्ट ॲप्स'मध्ये आपला ब्राउझर निवडा आणि, विंडोज ११ असेल तर, वरचं 'सेट डीफॉल्ट' दाबा.

सगळेच शॉर्टकट एका प्रोग्रॅममध्ये उघडताहेत

हे बहुधा असं घडतं. कोणीतरी शॉर्टकटवर राइट क्लिक करून 'ओपन विथ' निवडतो आणि कायमसाठी एखादा प्रोग्रॅम ठरवून टाकतो. त्याला वाटतं आपण एका फाइलीचं ठरवलं. विंडोज समजतं सगळ्या डॉट एलएनके फाइलींचं. विंडोज ७ च्या काळात हे फार व्हायचं. नवीन आवृत्त्यांमध्ये विंडोज शॉर्टकटसाठी हा पर्याय सहसा देत नाही, पण रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची नोंदवही, 'साफ' करून देणारे प्रोग्रॅम ही गडबड अजूनही करू शकतात. माझं स्पष्ट मत आहे की असे सफाई प्रोग्रॅम घरच्या संगणकावर ठेवूच नयेत.

लेखाच्या सुरुवातीला जे नोटपॅड उघडलं होतं, ते याच प्रकारात मोडतं. नोटपॅड प्रोग्रॅम चालवत नाही, चिठ्ठीच वाचायला घेतं. प्रत्येक डॉट एलएनके फाइल ७६ या संख्येने सुरू होते, तो तिच्या मथळ्याचा आकार आहे. संगणकाच्या अक्षरक्रमात ७६ म्हणजे इंग्रजी मोठा एल. नोटपॅडमधल्या त्या कचऱ्याच्या सुरुवातीलाच एल दिसला तर निदान पक्कं झालं असं समजा.

विंडोज ही चुकीची निवड रजिस्ट्रीमध्ये तुमच्या खात्याखाली 'युजरचॉइस' नावाच्या नोंदीत ठेवतं. ती काढायची. तिथे फक्त सांगितलेलंच करा, कुतूहलाने आणखी काही डिलीट करू नका.

१. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. आलेल्या चौकटीत 'रेजएडिट' इंग्रजी अक्षरांत लिहा (आर, ई, जी, ई, डी, आय, टी) आणि एंटर दाबा. परवानगी विचारली तर 'येस'.

२. डावीकडच्या झाडात क्रमाने उघडत जा: एचकी करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, फाइलएक्स्ट्स. 'विंडोज' आणि 'विंडोज एनटी' या दोन नोंदी जवळजवळ आहेत, आपल्याला नुसतं 'विंडोज' हवं.

३. फाइलएक्स्ट्सखाली एक्स्टेन्शनची मोठी यादी आहे. त्यात डॉट एलएनके शोधा. तिच्यावर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट' करा आणि ती फाइल डॉक्युमेंट्समध्ये ठेवा. काही चुकलं तर हीच फाइल तुम्हाला मागे नेईल. ही पायरी गाळू नका.

४. आता डॉट एलएनके उघडा. तिच्या आत 'युजरचॉइस' असेल तर फक्त तिच्यावर राइट क्लिक करून 'डिलीट'. 'ओपनविथप्रोगआयडीज' वगैरे बाकीच्या नोंदी तशाच राहू द्या.

५. रेजएडिट बंद करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' शोधा आणि 'रिस्टार्ट' दाबा. पडदा क्षणभर रिकामा होईल, मग चिन्हं परत येतील. संगणकच पुन्हा सुरू केला तरी चालेल.

युजरचॉइसमध्ये हाताने बरोबर नाव लिहून टाकू, असा विचार कोणाला सुचेल. ते चालणार नाही. विंडोज ८ पासून या नोंदीबरोबर एक हॅश, म्हणजे नोंद खरी आहे का हे ताडून बघायचा सांकेतिक आकडा, ठेवला जातो आणि तो जुळला नाही तर विंडोज तुमचा बदल मानत नाही. कुठल्याही प्रोग्रॅमने गुपचूप निवड बदलू नये म्हणून ही तजवीज आहे. नोंद काढून टाकणं हाच इथला सरळ मार्ग.

युजरचॉइस सापडलीच नाही, किंवा काढूनही फरक पडला नाही, तर मूळ जोडणी तपासा. स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधा, 'कमांड प्रॉम्प्ट'वर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. पॉवरशेल उघडू नका, पुढची आज्ञा तिथे चालत नाही. आता ए, एस, एस, ओ, सी ही अक्षरं, एक स्पेस, मग डॉट आणि एल, एन, के असं लिहून एंटर दाबा. उत्तरात डॉट एलएनके, बरोबरचं चिन्ह आणि 'एलएनकेफाइल' असं यायला हवं. दुसरंच काही आलं तर तीच आज्ञा पुन्हा लिहा, पण यावेळी डॉट एलएनकेला चिकटून बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे एलएनकेफाइल जोडा. मध्ये जागा सोडू नका. मग एक्सप्लोरर पुन्हा सुरू करा.

शॉर्टकटच नव्हे, कुठलाच प्रोग्रॅम थेट उघडला तरी भलतीकडे जात असेल, तर डॉट ईएक्सईची जोडणी बिघडलीय. मग रेजएडिटही उघडत नाही, कारण तोही एक ईएक्सईच. अशा वेळी स्टार्टमधल्या पॉवरच्या बटणावर जा, शिफ्ट धरून 'रिस्टार्ट' दाबा. निळ्या पडद्यावर 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि 'सिस्टिम रिस्टोर' असं जात बिघाडाच्या आधीची तारीख निवडा. रिस्टोर पॉइंट, म्हणजे विंडोजने त्या वेळच्या स्थितीची जपून ठेवलेली नोंद, आधी तयार झालेला असेल तरच ही सोय मिळते. तुमची कागदपत्रं आणि फोटो जसेच्या तसे राहतात, पण त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्रॅम निघून जातात. रिस्टोर पॉइंट नसेल तर सेटिंग्जमधून नवं युजर खातं बनवून त्यात लॉगिन करून बघा. तिथे सगळं ठीक चालत असेल तर बिघाड फक्त तुमच्या खात्याच्या नोंदींत आहे, आणि जाणकार माणसाला एवढं सांगितलं तरी त्याचा अर्धा वेळ वाचतो.

दुरुस्त केलं, तरी टास्कबारवर तेच?

टास्कबारवर पिन केलेलं चिन्ह ही स्वतंत्र चिठ्ठी असते. डेस्कटॉपवरची सुधारली म्हणून ती सुधारत नाही. टास्कबारवरच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'अनपिन' करा, बरोबर प्रोग्रॅम उघडा आणि त्याच्या चिन्हावर पुन्हा 'पिन टू टास्कबार'.

एखादा शॉर्टकट डिलीट करताना ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागितली तर गोंधळू नका. डेस्कटॉप दिसायला एक असला तरी त्यात दोन फोल्डरांतल्या गोष्टी एकत्र दिसतात, तुमच्या खात्याचं आणि सगळ्यांसाठीचं 'पब्लिक' फोल्डर. परवानगी मागणारा शॉर्टकट पब्लिकमधला आहे आणि तो गेला तर संगणकाच्या सगळ्या खात्यांवरून जाईल.

वनड्राइव्हवर डेस्कटॉपचा बॅकअप चालू असेल तर आणखी एक प्रकार घडतो. ऑफिसच्या संगणकावरचे शॉर्टकट घरच्या संगणकावर येऊन बसतात. पत्ते तिकडचे, संगणक इकडचा. नावाच्या शेवटी 'कॉपी' किंवा दुसऱ्या संगणकाचं नाव जोडलेले शॉर्टकट दिसले तर हे कारण धरा. इथून ते डिलीट केले तर तिकडूनही जातील, त्यामुळे दोन्ही संगणकांवर एकाच पत्त्यावर असलेले प्रोग्रॅमच सामायिक डेस्कटॉपवर ठेवा, बाकीचे टास्कबारवर पिन करा.

क्लिक बरोबर चालतं, पण कीबोर्डवरून कंट्रोल-ऑल्ट आणि एखादं अक्षर दाबल्यावर दुसराच प्रोग्रॅम उघडतो, असं असेल तर प्रॉपर्टीजमधली 'शॉर्टकट की' ही चौकट बघा. दोन शॉर्टकटना एकच अक्षर दिलेलं असतं. एकाच्या चौकटीत बॅकस्पेस दाबून ती 'नन' करा.

आणि फक्त चित्र चुकीचं, प्रोग्रॅम बरोबर उघडतोय, तर बिघाड चिन्हांच्या साठ्यात आहे. आधी संगणक पुन्हा सुरू करा. तरी चित्र तसंच राहिलं तर 'चेंज आयकॉन' बटणाने बरोबर चिन्ह निवडून द्या.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर शॉर्टकटला 'एलियास' म्हणतात. तो निवडून कमांड-आय दाबा. माहितीच्या खिडकीत 'सिलेक्ट न्यू ओरिजिनल' असं बटण आहे, तिथे खरी फाइल दाखवून द्या. फाइलच चुकीच्या प्रोग्रॅममध्ये उघडत असेल तर मूळ फाइलीच्या त्याच खिडकीत 'ओपन विथ'खाली प्रोग्रॅम निवडून 'चेंज ऑल' दाबायचं. ते न दाबता खिडकी बंद केली तर बदल त्या एकाच फाइलीपुरता राहतो.

लिनक्सवर शॉर्टकट ही 'डॉट डेस्कटॉप' नावाची साधी मजकुराची फाइल असते, कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येते. तिच्यातली 'एक्झेक'ने सुरू होणारी ओळ म्हणजे प्रत्यक्ष चालणारी आज्ञा. एकाच नावाची फाइल सिस्टिमच्या फोल्डरमध्ये आणि तुमच्या होम फोल्डरमध्येही असेल तर तुमची चालते, सिस्टिमची दुर्लक्षित होते. त्यामुळे प्रोग्रॅम नव्याने बसवूनही मेनूमधली नोंद जुन्याच ठिकाणी जात असेल, तर होममधल्या 'डॉट लोकल', 'शेअर', 'ॲप्लिकेशन्स' या फोल्डरमध्ये त्याच नावाची जुनी फाइल पडली आहे का ते बघा आणि ती बाजूला काढा.